काट्यावरचा जास्तीचा किलो

लोक अजून सरांना शिव्या देतात. मी तिथे असलो की मीही मान हलवतो. त्या मान हलवण्याची आता शिसारी येते, म्हणून हे लिहितोय.

मी मूळचा मापाडी. जळगावबाहेरच्या एका जिनिंगमध्ये कापूस मोजायचो. हंगाम संपला की तिथलं काँक्रीटचं आवार ओस पडायचं. ते एका रेसिंग टीमने सरावासाठी घेतलं. जुन्या टायरांच्या रांगा लावून वळणं काढली आणि बारा ते सोळा वर्षांची पोरं तिथे कार्ट पळवू लागली. कार्ट म्हणजे छप्पर नसलेली, जमिनीला चिकटून धावणारी छोटी रेसगाडी. मोठे रेसर म्हणे यातूनच तयार होतात. टीमचे सर पुण्याचे. त्यांनी माझा काटा पाहिला आणि म्हणाले, "नाना, आता कापूस पुरे. आता ड्रायव्हर मोजा." टीमचं जॅकेट मिळालं. भर मे महिन्यात ते घालून मी आमच्या पिंप्राळ्यात मिरवलो.

शर्यतीत गाडी आणि ड्रायव्हर मिळून एक ठरावीक वजन भरावं लागतं. कमी भरलं तर सीटला शिशाच्या पट्ट्या लावून पुरं करायचं. जास्त भरलं तर उपाय नाही. गाडी जड, म्हणजे मागे. वाढत्या वयाच्या पोरांचं वजन थांबवायचं कसं? सरांकडे उत्तर होतं. ज्याचं वजन जास्त त्याने पत्र्याच्या शेडमध्ये रेसचा जाड सूट घालून दोरीवरच्या उड्या मारायच्या. बाहेर जळगावचं ऊन, आत पत्रा तापलेला. पाणी नाही. तोंडात चिंच धरायची आणि सुटेल ती लाळ डब्यात थुंकायची. तो डबा धरून मी उभा असायचो. घामाचा, आंबट थुंकीचा आणि तापलेल्या रबराचा तो वास लिहितानाही नाकात येतो. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं तर मी डब्यात डोकावून म्हणायचो, "अजून येऊ दे रे, एवढ्याने काय होतंय!" आणि पोरं हसायची.

टीममध्ये असोद्याची एक मुलगी होती, पंधरा वर्षांची. वडील केळीवाले शेतकरी. रविवारी मोटारसायकलवर तिला घेऊन यायचे. ती वळणावर ब्रेक इतक्या उशिरा दाबायची की सरांच्या तोंडून शिटी निघायची. बाहेरगावच्या शर्यतीसाठी दोनच जागा होत्या आणि एक तिची होती, वजन जमलं तर. नेमक्या त्याच वर्षी तिची उंची वाढली. दर रविवारी ती काट्यावर चढायची आणि डोळे मिटून घ्यायची.

"किती, नाना?"

"किलोभर जास्तच गं."

"काल रात्री नुसतं ताक पिले हो."

मग शेड, दोरी, डबा. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "मॅडम घरी चोरून खातात वाटतं. आबा, लक्ष ठेवा जरा." तिचे वडील खाली बघायचे. सगळ्या पोरांसाठी आणलेली केळ्यांची फणी ते गुपचूप माझ्याकडे द्यायचे. माझ्या घरी त्याचं शिकरण व्हायचं.

आता खरं सांगतो. ती जास्त नव्हतीच. माझा काटा जास्त होता.

जुना लोखंडी काटा. दांडीच्या मागे एक स्क्रू. तो दोन आटे फिरवला की किलोभराचा फरक पडतो. कापसाच्या दिवसांत मी तो मालकाच्या बाजूने फिरवायचो, हाताला सवयच होती. टीममधल्या पहिल्या वर्षी एक मुलगा शर्यतीच्या काट्यावर जास्त भरला आणि सरांनी चारचौघांत माझी लाज काढली. "मापाडी म्हणे! भाजी तरी मोजता येते का?" परत आल्यावर मी स्क्रू उलट्या बाजूला फिरवला. म्हणजे इथे बरोबर दिसलं तर तिथे कमीच भरेल आणि माझ्यावर कधीच येणार नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. सरांना आजही माहीत नाही. तिथे पोरं कमी भरली की ते खूश होऊन म्हणायचे, "प्रवासात उतरलं. लावा शिसं."

त्या शर्यतीआधी दोन दिवस तिने पाणीसुद्धा मोजून घेतलं. सकाळी तिथल्या काट्यावर ती दीड किलो कमी भरली. सर टाळी देत म्हणाले, "शाब्बास, नाना!" मी पाना घेऊन वाकलो आणि तिच्या सीटला शिशाच्या पट्ट्या आवळायला लागलो. ती शेजारी हेल्मेट धरून उभी होती.

"हे काय?"

"वजन कमी भरलंय."

"मग परवा शेडमध्ये उड्या का मारायला लावल्या मला?"

"घाम जास्त गेला असेल," मी म्हणालो आणि शेवटचा नट आवळला.

सातव्या फेरीपर्यंत ती दुसरी होती. मग गाडी वळलीच नाही, सरळ गवतात जाऊन थांबली. मी धावलो. तिच्या बोटांना पेटके आले होते. स्टिअरिंगवरून एकेक बोट मला सोडवावं लागलं. हेल्मेट काढताच तिला उलटी झाली, नुसतं पिवळं पाणी, माझ्या हातांवर. मी हात तिच्यादेखत टीमच्या जॅकेटला पुसले. दवाखान्यात तिला सलाइन लागलं. सरांनी निकाल दिला: "हिच्या अंगात दम नाही." पुढच्या शर्यतींची तिची जागा दुसऱ्याला गेली.

तिचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाना, तुमीच वजन करत होते. खरं सांगा, पोरगी जास्तच होती ना?"

"होती," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रू सरळ केला आणि पुढे दोन वर्षं त्याच टीममध्ये राहिलो. नंतर टीम गेली, सर पुण्याला परतले. कुणी विषय काढला की मीही म्हणायचो, काय नालायक माणूस होता.

गेल्या महिन्यात असोद्याला गेलो. ती आता भुसावळला नोकरीला जाते. रविवार होता म्हणून घरी सापडली. ओट्यावर उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. चहा विचारला नाही, ते बरं झालं.

"म्हणजे मी बसत होते वजनात?"

"पहिल्यापासून."

ती म्हणाली, "हे मला नका सांगू. मला माहीत होतं मी खाल्लं नव्हतं. आबांना सांगा." आणि आत वळून हाक मारली, "आबा, बाहेर या. नाना आले आहेत, ऐका काय सांगू रायले."

ते बनियनवरच बाहेर आले. मला बघून हसले, "या, या," म्हणाले. मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ते जास्त घाण वाटलं. ते खाली बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, तिच्याकडेही नाही.

"मी तिच्या दप्तरात हात घालत होतो, नाना," ते म्हणाले. "रोज. ती शाळेतून आली का. तोंडाचा वास घ्यायचो तिच्या."

मुलगी दाराला टेकून उभी होती. "आता निघा तुम्ही," ती मला म्हणाली, आणि वडिलांच्या शेजारी जाऊन बसली.