आटलेल्या डबक्यातले जीव

आमच्या शेजारी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई राहतात. बोलताना मधेच थांबतात, मान तिरपी करून विचारतात, "बराबर का?" उत्तराची वाट मात्र बघत नाहीत.

यंदा उन्हाळ्यात गावाबाहेर डोंगरकड्याखालचं आटलेलं डबकं बुजवायचं ठरलं. सरपंच म्हणाले, "त्यात जीवच न्हाई राहिला." बाईंनी तिथली भेगाळलेली ढेकळं आणली आणि ओट्यावरच्या टबात, साठवलेल्या पावसाच्या पाण्यात भिजत घातली. पाणी नुसतं गढूळ दिसे. येणारेजाणारे हसत. मलाही बाईंची काळजी वाटू लागली.

एका सकाळी त्यांनी हाक मारली, "भाऊ, लवकर या!" पाण्यात ठिपक्याएवढे जीव गिरक्या घेत होते. हळूहळू त्यांच्या पाठीवर ढाल आली, मागं दोन शेपट्या फुटल्या. बाईंनी तो टब थेट ग्रामसभेत नेऊन ठेवला.

"एवढ्याशा किड्याचं काय कौतुक? माणूस किती पुढं गेला!" कुणीतरी म्हणालं.

"ही काय शिडी हाय का, खालीवर मोजायला?" बाई कडाडल्या. "डायनासोर केवढाले, ते संपले. ह्याची जात त्यांच्याही आधीची. ह्याची अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षं दम धरून राहतात, म्हणून ही टिकली. अन् तुमी तीच माती बुजवून राहिले!"

सरपंच टबावर वाकले ते बराच वेळ वाकूनच राहिले. मग म्हणाले, "राहू द्या डबकं."

श्रावणात डबकं तुडुंब भरलं. बाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि काठावर जमलेल्या गावाला हात हलवून बोलावू लागल्या. सगळ्यांत आधी सरपंच उतरले.