तानोआवरची निळसर साय

लेवुका बंदराच्या धक्क्यावर कुणाची बोट दुरुस्तीला पाण्याबाहेर ओढली, की मालक आधी विचारायचा, "उला मोकळी आहे का?" रंग मारायला हवे तेवढे गडी मिळत. सँडपेपरने घासायला मात्र उलाच लागायची. आणि मोकळं असणं हीच तर तिची अडचण होती. रिकामी बसली की तिचा अंगठा आपोआप पायरीच्या कडेवरून, कपाच्या दांडीवरून, शेजारणीच्या बाकावरून फिरायला लागे, कुठे खरखरीत लागतंय ते शोधत.

हे लग्नानंतरचं. नवरा माथिउ शांतिसेनेतून पहिल्यांदा लांबच्या एका वाळवंटी देशात गेला, तेव्हा घरात फोन नव्हता. खबर आली तर रेडिओवर, नाही तर पोलीस ठाण्यातून, आणि पोलीस दारात येऊ नये असंच सगळ्यांना वाटे. त्या दिवसांत उलाने स्वयंपाकघरातलं टेबल घासायला घेतलं. ते पांढरंफटक पडलं तेव्हा दार घेतलं, मग शेजारच्यांच्या खिडक्या. धक्क्यावरचा सुतार शिवनारायण एकदा कुंपणापाशी थांबून म्हणाला, "वहिनी, घरातलं लाकूड संपवणार का? धक्क्यावर या. तिथे पुष्कळ आहे."

त्याने तिला काम शिकवलं. लाकूड त्याच्या रेषांबरोबर घासायचं. आडवा हात गेला तर व्हार्निशखाली ओरखडे जन्मभर दिसतात. फायबरची बोट ओली ठेवून बारीक पेपरने नुसती चकाकी घालवायची, खोल शिरायचं नाही. जुना रंग घट्ट बसला असेल तर तो खरवडायचा नाही, फक्त उडालेल्या टवक्यांच्या कडा घासून सपाट करायच्या. लोखंड उघडं पडलं की मात्र लगेच प्रायमर, कारण इथली खारी हवा जेवायलासुद्धा सवड देत नाही. उला हे भराभर शिकली. थांबणं तेवढं तिला शिकता आलं नाही. "बास करा वहिनी, बोट पारदर्शक होईल," असं शिवनारायणला रोज म्हणावं लागे.

वर्षं गेली, फोन आले, माथिउच्या फेऱ्याही झाल्या. ही शेवटची, असं सांगून तो पुन्हा गेला होता. आणि एका सकाळी रेडिओवर आलं की तिकडे एका चौकीवर गोळीबार झाला, काही शिपायांचा पत्ता नाही. नावं सांगितली नाहीत. उलाने फोन लावला तर तो नुसता वाजत राहिला. नंतर वाजेनासाही झाला.

ती धक्क्यावर गेली. तिथे काम नव्हतं. रंगाचे डबे सुवा शहराहून यायचे होते आणि वाऱ्यामुळे फेरीबोट सुटली नव्हती. शिवनारायणने पोळी-भाजीचा डबा पुढे केला. तिने दोन घास खाल्ले आणि उठली. "कुठे निघालात?" त्याने विचारलं. "घरी," ती म्हणाली, पण गेली चर्चमध्ये. तिथले मागचे दोन बाक घासून काढले. पाद्रीबाबांनी हटकलं नाही, त्यांनीही रेडिओ ऐकला होता. दुसऱ्या दिवशी घराच्या जिन्याचा कठडा झाला. त्यानंतर घरात घासायला काही उरलं नाही, आणि तिची नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर तानोआ टांगलेला होता, यंगोना, म्हणजे मुळांची पूड पाण्यात कालवून सगळ्यांनी मिळून करवंटीतून प्यायचं पेय, ते कालवायचा चार पायांचा लाकडी वाडगा. तो माथिउच्या भावकीचा. थोरल्या इलाइतियाकाकांच्या घराचं छप्पर नवं घालायचं होतं, म्हणून तो त्या वर्षी यांच्याकडे होता. वर्षानुवर्षं यंगोना कालवून त्याच्या पोटात दुधाळ निळसर साय धरली होती, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत. उलाने ती शेकडो वेळा पाहिली होती, पाहुण्यांना कौतुकाने दाखवलीही होती. पण त्या दुपारी तिला ती बुरशी दिसली. निदान नंतर तिने सगळ्यांना सांगितलं ते हेच. खरं तर काहीच दिसत नव्हतं. हाताला काम हवं होतं.

तिने वाडगा मांडीत घेतला आणि जाड पेपरने सुरुवात केली. साय पिठासारखी उडून तिच्या झग्यावर पडली. खालून वेसीच्या झाडाचं तांबूस लाकूड वर आलं. मग मधला पेपर, मग बारीक. काम सुरेख झालं होतं. तिने व्हार्निशचा डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि तेवढ्यात नणंद आकानिसी धापा टाकत दारात आली.

"उला, माथिउचा फोन आला माझ्याकडे. तो ठीक आहे. दुसऱ्या चौकीवर होता. तुझा फोन लागत नाही म्हणून..."

एवढं बोलून तिचं लक्ष उलाच्या मांडीकडे गेलं. ती खाली बसली.

"हे काय केलंस?"

उला हसत होती आणि रडत होती. ब्रशातून व्हार्निशचा थेंब चटईवर पडला. "ठीक आहे ना तो? त्याचा आवाज तू ऐकलास?"

"ऐकला. ब्रश खाली ठेव आधी. उला, पणजोबांचा वाडगा तो. ब्रश खाली ठेव म्हणते ना."

तिने ब्रश ठेवला. मग तिनेही वाडग्यात पाहिलं, आणि व्हार्निशच्या डब्याला झाकण लावलं.

अशी चूक बोलून मिटत नाही. उला बेटाच्या पलीकडच्या अंगाला माहेरी गेली आणि भावाकडून माफी मागताना पुढे करायचा देवमाशाचा दात मागून आणला. "नवरा जिवंत आहे म्हणतेस आणि माफीचा दात कशाला?" भावाने विचारलं. तिने सांगितल्यावर तो म्हणाला, "मी येतो बरोबर. तू एकटी गेलीस तर त्यांची जमीनसुद्धा घासून येशील."

इलाइतियाकाकांच्या घरी भावकी जमली. उला उंबऱ्याशी दात दोन्ही हातांवर धरून मान खाली घालून बसली. भाऊ रीतीप्रमाणे बोलला. काकांनी वाडगा पुढ्यात घेऊन आतून हात फिरवला. उलाचे गुडघे हलत होते.

"घाबरतेस?" काकांनी विचारलं.

"नाही काका. बसवत नाही."

मागे कुणीतरी खुदकलं. काकांनी तिकडे पाहिलं तसं ते थांबलं.

"माझ्या आजोबांनी हा कम्बारा बेटाहून आणला, तेव्हा तो असाच उघडा होता म्हणतात," ते म्हणाले. "मी पाहिला तो सायीसकट. ती साय म्हणजे आमच्या माणसांचं बसणं. जितके बसले तितकीच ती. तू ते सगळं एका दुपारी झटकून टाकलंस."

"हो काका."

काकांनी दात हातात घेतला. दात घेतला म्हणजे माफी दिली. मग ते म्हणाले, "वाडगा इथे परत यायचा नाही. तुझ्याकडेच राहील, भिंतीवर नव्हे, जमिनीवर. दर शनिवारी आम्ही तुझ्याकडे बसू. कालवायचं तू. आणि शेवटची करवंटी रिकामी होईपर्यंत उठायचं नाही."

"बाईने कालवायचं?" एक म्हातारा कुरकुरला.

"साय बाईने काढली ना?"

"किती वर्षं, काका?" उलाने विचारलं.

"मला काही ती दिसायची नाही. तुलाही दिसेलच असं नाही."

माथिउ परतला तेव्हा ही गोष्ट त्याला आधीच पाच जणांनी सांगून झाली होती. त्याने वाडग्यात हात फिरवून पाहिला. पण तोही पूर्वीचा राहिला नव्हता. दार आपटलं की उठून उभा राही. जेवताना पाठ भिंतीला लागेल असाच बसे. दोघं शनिवारी भावकीत शेजारी बसत, आणि दोघांपैकी आधी कोण उठतो यावर पोरंटोरं पैज लावत. उला कालवायची, कापडातून पिळायची, टाळी वाजवून करवंटी पुढे करायची. पहिल्या काही शनिवारी तिला मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. पुढेही झालंच. पण ती उठली नाही.

वर्षभराने माथिउला पुन्हा बोलावणं आलं. त्याने कागद टेबलावर ठेवला.

"जा," ती म्हणाली. "पण जाण्याआधी गावातली सगळी भांडी लपवून जा."

तो गेला नाही. सुवाच्या फेरीबोटीवर त्याने काम धरलं. ती बोट वारा सुटला की हमखास उशिरा येते. अशा संध्याकाळी उला धक्क्यावर कुणाच्या तरी होडीचा तळ घासत असते आणि दर थोड्या वेळाने समुद्राकडे पाहते. शिवनारायण आता म्हातारा झालाय, तिला बास म्हणत नाही. नुसता नवा पेपर पुढे करतो.