धानाच्या बांधीतली सीडी

गोंदियात धान खरेदी करणाऱ्या एका संस्थेत मी सर्व्हर सांभाळायची. तो बंद पडलाच तर काम अडू नये म्हणून गोरेगावच्या शाखेत दुसरा सर्व्हर तयार ठेवला होता. आमच्याकडे दिवसभरात जे बदल व्हायचे त्यांच्या लॉग फाइल बनायच्या. त्या तिकडे क्रमाने चढवल्या की दोन्हीकडचा डेटा सारखा. इंटरनेटचा काही भरवसा नव्हता, म्हणून मी फाइल सीडीवर उतरवून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि गोरेगावचा माझा सहकारी ती स्टँडवरून घ्यायचा.

एका दुपारी त्याचा फोन आला. "मॅडम, मशीन अडून राहिली. परवाची फाइल मागते."

"मग द्या ना."

"सीडीच सापडून नाही राहिली."

"आजची लावून बघा."

"लावली. नाही म्हणते. परवाचीच पाहिजे."

बरोबरच होतं. मधली एक फाइल नसेल तर ती मशीन पुढच्या एकीला हात लावत नाही. आणि डिस्क भरली की जुन्या फाइल पुसायचा आमच्याकडे रिवाज होता; परवाचीही त्यात गेली होती. मी मुकाट्याने गोरेगावची बस धरली.

शाखेतली कपाटं, खोकी, टेबलाखालची जागा, सगळं उलथंपालथं केलं. मग त्याला एकदम आठवलं.

"मॅडम, वापरलेल्या सीड्या मी मायले देतो. ही बी चुकून त्यातच गेली असंन."

"कशाला?"

"पोपटांसाठी."

त्याच्या मोटरसायकलवरून आम्ही शेतावर गेलो. धान पिकायला आलं होतं आणि पाखरांना बुजवायला बांधीवर, म्हणजे धानाच्या वाफ्यावर, ताणलेल्या दोऱ्यांना संस्थेचा कित्येक आठवड्यांचा डेटा लटकून गरगरत होता. मी साध्या स्केचपेनने घातलेल्या तारखा दवाने पार धुऊन गेल्या होत्या. आम्ही एकेक सीडी सोडायला लागलो तशी त्याची आई धुऱ्यावरून, शेताच्या कडेच्या बांधावरून, ओरडत आली.

"कायले काढून राहिले रे? पोपट का तुह्या हापिसात जेवाले येतेत?"

"माय, एकच पाहिजे. कोणती ते माहीत नाही."

"मंग मलेबी येऊ दे. माह्या वस्तू आहेत त्या."

ती खरंच मागे बसली. मोटरसायकलवर आम्ही तिघं आणि मांडीवर सीड्यांची पिशवी. चिखल आणि पाखरांची घाण यामुळे ड्राइव्ह एकही सीडी वाचेना. शेवटी आम्ही शाखेच्या मोरीत भांड्याच्या साबणाने सीड्या धुवायला बसलो. तेवढ्यात शाखाधिकारी आले.

"हे काय चाललंय?"

"सर, डेटा धुऊन राहिलो," माझा सहकारी म्हणाला. साहेब जसे आले तसे परत गेले.

पिशवी संपत आली तेव्हा एक सीडी घरघरत, खोकत उघडली. परवाचीच! मशीनने ती फाइल घेतली आणि अडलेल्या पुढच्या फाइलही भराभर चढत गेल्या. मी खुर्चीवर उड्या मारायचीच बाकी होते.

म्हातारीने धुतलेल्या सीड्या मोजून पिशवीत भरल्या. कामाची ती एक आम्ही ठेवून घेतली आणि बदल्यात कोरी दिली. तिने ती खिडकीतल्या उन्हात धरून फिरवली.

"ही चांगली चमकते," ती मला म्हणाली. "अशाच देत जा ना पोरी. लिहून कायले खराब करता?"