बाळंतपणाचा ट्रंक कॉल

टेलिफोन ऑपरेटरला नोकरीला लागतानाच शपथ घ्यावी लागायची, की लाईनवर जे कानावर पडेल ते बाहेर कुठे बोलणार नाही. त्यामुळे कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या वखारीला आग लागली, कोण कुणाला 'निघालोच' म्हणून फसवतंय, हे सगळं आम्ही दिवसभर ऐकायचो आणि गिळून टाकायचो. सांगायला उरायचे ते फक्त आमचे स्वतःचे किस्से. ते मग साठत जातात हो! माझ्या बाळंतपणाचे तर इतके झालेत की आम्ही जुन्या मैत्रिणी भेटलो की प्रत्येकीला वेगळाच आठवतो, आणि प्रत्येकीला आपलाच खरा वाटतो. आज मी माझे सांगते. बाळंतपण माझं होतं, तेव्हा माझेच खरे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परगावी फोन करायचा म्हणजे आधी कॉल बुक करायचा, मग आमच्यापैकी कुणीतरी बोर्डावर कॉर्ड खोचून तो जोडून द्यायची. घाटकोपरच्या ट्रंक बोर्डावर आम्ही सगळ्या बायका एका रांगेत, कानाला हेडसेट लावून बसायचो.

* * *

सहावा महिना लागला आणि माझं पोट माझ्या आधी बोर्डाला टेकायला लागलं. खालच्या भोकांपर्यंत हात जायचा, वरच्या रांगेपर्यंत काही केल्या पोचायचा नाही. शेजारी रेखा बसायची. मुलुंडची, तोंडाने फटकळ, माझी जिवाची मैत्रीण. तिने आपणहून माझी वरची रांगही सांभाळायला घेतली. मी नंबर पुटपुटायचे, ती आपला कॉल सांभाळत डाव्या हाताने माझी कॉर्ड खोचायची.

एकदा सुपरवायझर नाडकर्णी बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. रेखा वळलीसुद्धा नाही.

"बाई, तिला दिवस गेलेत आणि मला कॉल," ती म्हणाली.

* * *

या नाडकर्णी बाई म्हणजे आमचं घड्याळ. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं झाली की मध्ये जाऊन विचारायचं, "थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड?" पार्टी 'एक्स्टेंड' म्हणाली तर आणखी तीन. असं दोनदा वाढवून मिळायचं. तिसऱ्यांदा नाही. विचारायचंही नाही, सरळ कॉर्ड काढायची, कारण मागे लोक ताटकळत असायचे. कुणी रडो, भांडो, मंत्र्याचं नाव सांगो, बाईंच्या राज्यात तिसऱ्यांदा नाही म्हणजे नाही.

त्यांच्या सख्ख्या भावाचा एकदा नागपूरहून फोन आला होता. वडिलांच्या आजारपणाचं बोलणं चाललेलं. बाई सुपरवायझरच्या टेबलावरून बोलत होत्या आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. वाक्य अर्ध्यावर असताना म्हणाल्या, "नऊ मिनिटं झाली. ठेवते." आणि खरंच ठेवला. मग आमच्याकडे वळून विचारलं, कुणाचा नागपूर पेंडिंग आहे? त्या दिवसानंतर त्यांच्याशी वाद घालायची हिंमत आमच्यात कुणाला झाली नाही.

* * *

आता माझी अडचण सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. माझं माहेर कुडाळच्या पुढे, एका लहानशा गावात. पण त्याच्या आदल्या वर्षी गणपतीला मी एसटीने गावी गेले होते आणि परत आल्यावर माझं पाच महिन्यांचं पोट रिकामं झालं होतं. डॉक्टर शहाबाईंनी या वेळी स्पष्ट सांगितलं, की एसटीचं नावसुद्धा काढायचं नाही. आणि आईला इकडे येता येईना, कारण बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांना घास भरवायलाही तीच.

कुणी म्हणेल, त्यात काय, इथे सासूबाई होत्या, नवरा होता. होते ना. सासूबाई चांगल्याच होत्या. पण माझ्या जन्माच्या वेळी माझी आई एकटी होती. तिची आई पोचू शकली नव्हती. ते तिच्या मनात इतकं सलायचं, की मी लहान असल्यापासून माझी वेणी घालताना ती म्हणायची, "माझ्या येळाक माझी आवस नाय होती. तुझ्या येळाक मी असतलंय." आधीचं बाळ गेलं तेव्हाही ती नव्हती. मी हॉस्पिटलच्या छताकडे बघत पडले होते आणि मला फक्त ती हवी होती. पुन्हा मला तसं पडायचं नव्हतं. मी ठरवून टाकलं, आई असणार म्हणजे असणार. येता येत नसेल तर लाईनवर.

* * *

गावात फोन एकच, पोस्टात. आधी एकदा करून बघावा म्हणून मी रीतसर कॉल बुक केला. कुडाळच्या बोर्डावर शालन होती. आम्ही तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण तिला सर्दी झाली तरी आम्हाला इथे कळायचं. तिने निरोप पाठवून आईला पोस्टात बोलावून घेतलं. मी आपली बोलतेय, आई कशी आहेस, बाबा कसे आहेत, मला सातवा लागलाय. पलीकडून चकार शब्द नाही.

शालनला विचारलं, तर ती म्हणाली की आई आहेत, रिसीव्हर कानाला आहे, पण आजूबाजूला अर्धा गाव उभा आहे म्हणून लाजून बोलत नाहीत. मी एकटीच बडबडत राहिले. अगदी शेवटच्या क्षणी आईचा आवाज आला.

"जेवलंस?"

आणि तीन मिनिटं संपली. एक्स्टेंड म्हणायचं राहूनच गेलं.

* * *

डोहाळजेवण मैत्रिणींनी एक्सचेंजच्या टिफिन रूममध्ये केलं. बोर्ड तर रिकामा ठेवता येत नाही, त्यामुळे ओटी भरायला बायका पाळीपाळीने आल्या. एक जण घाईत हेडसेट गळ्यात घालूनच आली आणि तशीच वाकून मला कुंकू लावून गेली. रेखाने हिरवी साडी आणलेली, कुणी ओल्या नारळाच्या करंज्या, कुणी ढोकळा. शेवटी नाडकर्णी बाई आल्या. नारळ ओटीत घातला आणि रीत म्हणून विचारलं, काय डोहाळे लागलेत?

मी सरळ सांगितलं. बाळंतपणाच्या वेळी मला कुडाळची लाईन हवी. आईला बाळाचं रडणं ऐकवायचंय.

कुडाळला लाईन एकच होती, आणि ती दिवसभर तुंबलेली असायची. बाईंनी पदर सारखा केला. त्या म्हणाल्या, "कॉल बुक कर. नंबर लागला की लागेल. नऊ मिनिटं मिळतील, सगळ्यांना मिळतात तशी."

नाही म्हणाल्या नाहीत, हेच मी धरून ठेवलं.

* * *

पुढचा अडथळा डॉक्टर शहाबाई. त्यांच्या नर्सिंग होममध्ये फोन होता, पण केबिनमध्ये. लेबर रूम पॅसेजच्या पलीकडे. मी म्हटलं, लांब वायर टाकून घेऊ, आमचा लाईनमन येऊन लावून देईल.

"लेबर रूममध्ये फोन? इथे काय शेअरबाजार आहे?" डॉक्टर म्हणाल्या.

मी म्हटलं, मग असं करू, मी तुमच्या केबिनमध्ये टेबलावर बाळंत होते. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे, दिलीपकडे पाहिलं. दिलीप मरोळच्या कारखान्यात फिटर, माणूस शांत. तो म्हणाला की डॉक्टर, ही बोलते तसं करते, तुम्ही वायर टाकून घ्या. दुसऱ्या दिवशी वायर पडली.

* * *

कळा सुरू झाल्या त्या बोर्डावरच, सकाळी. रजा मी बाळासाठी राखून ठेवली होती, शेवटपर्यंत कामावर येत होते. मशीद बंदरचा एक व्यापारी सोलापूरला सुताचा भाव सांगत होता, आणि मध्येच वाढवून मागून अजून सांगत होता. मी "थ्री मिनिट्स" म्हटलं आणि कळ आली. पुढचे शब्द कसे निघाले मला ठाऊक नाही, पण ते दात-ओठ खाऊन निघाले असणार.

"सॉरी बेन, सॉरी! ठेवतो, ठेवतो!" तो म्हणाला.

रेखा नंतर म्हणायची, आपल्या नोकरीत एवढ्या झटकन फोन ठेवणारा व्यापारी तिने तो एकच पाहिला.

* * *

दुपार उलटली तेव्हा मी शहाबाईंच्या नर्सिंग होममध्ये होते. गावात शालनचा निरोप पोचला होता आणि आई बाबांना शेजारणीकडे सोपवून पोस्टाच्या बाकावर येऊन बसली होती. रेखाने कॉल तयार ठेवला होता, पण तो लावायचा कधी? लवकर लावला तर नऊ मिनिटं माझ्या कण्हण्यातच जातील. उशीर केला तर पोस्टाला कुलूप. पोस्ट पाचला बंद.

डॉक्टर तपासून म्हणाल्या, पहिलटकरणीसारखंच आहे, रात्र होईल.

"रात्री पोस्ट बंद असतं," मी म्हटलं.

"बाळाला पोस्टाचं टायमिंग कुणी सांगितलंय?"

"मी सांगतेय."

आणि मी उठून पॅसेजमध्ये चालायला लागले. आयाबाई म्हणाल्या होत्या की चाललं की बाळ खाली येतं. एका हाताने भिंत, दुसऱ्या हाताने दिलीपचं मनगट. कळ आली की थांबायचं, गेली की चालायचं. दिलीप घाबरून म्हणाला, जरा पड गं. मी म्हटलं, आधीचं गेलं तेव्हा मी पडूनच होते, या वेळी मी चालणार. त्याचे डोळे भरून आले, पण मनगट त्याने सोडवून घेतलं नाही. साडेचार वाजून गेले असतील, मला पुढचं पाऊल टाकता येईना आणि डॉक्टरांनी मला धरून टेबलावर घेतलं. तपासलं, आणि दाराकडे बघून ओरडल्या, "दिलीपभाई, फोन!"

* * *

दिलीपने बोर्डावर रेखाला फोन लावला आणि आयाबाईंनी रिसीव्हर माझ्या कानाशी धरला. खरखर, मग शालनचा आवाज, मग शांतता. ती शांतता मी ओळखली. आई होती. मी काही बोलण्याच्या स्थितीत नव्हते, आणि ती तर तशीही बोलायची नाही. पहिली तीन मिनिटं माझा श्वास आणि तिचा श्वास एवढंच लाईनवर होतं.

"थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड?"

हा आवाज रेखाचा नव्हता. पुढे कळलं, कॉल लागताच नाडकर्णी बाई रेखाला 'ऊठ' म्हणाल्या होत्या आणि स्वतः हेडसेट लावून बसल्या होत्या. सगळ्या बोर्डाला वाटलं, वाट लागली. इतकी वर्षं मी लोकांना विचारत आले होते, आज मला कुणी विचारत होतं.

"एक्स्टेंड!" मी ओरडले.

डॉक्टर म्हणत होत्या जोर लाव, जोर लाव. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, पण तिकडे पोस्टात अर्धा गाव असणार म्हणून मी ओठ चावून धरले होते. आईला ते एवढ्या लांबून कसं कळलं कोण जाणे.

"बोंबल गो बाय, बोंबल," ती म्हणाली. "लाज कसली? हय सगळी आपलीच माणसा आसत."

मग मी अशी ओरडले की म्हणे रस्त्यावरचा भाजीवाला थांबला.

"थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड?"

"एक्स्टेंड!"

ही शेवटची तीन. मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, अख्ख्या बोर्डाला माहीत होतं. डोकं दिसतंय, डॉक्टर म्हणाल्या. अजून एकदा. मी अजून एकदा केलं. अजून. मी मनात मिनिटं मोजत होते, सवयच ती, आणि मोजता मोजता ती संपली. कानात बाईंचा आवाज आला.

"थ्री मिनिट्स ओव्हर."

पुढे त्यांनी काही विचारलं नाही. नियमाने विचारायचं नव्हतंच. मी डोळे मिटले, टेबलाची कड धरली, आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. लेबर रूममध्ये माझी मुलगी रडली.

आयाबाईंनी रिसीव्हर तिच्या तोंडाशी नेला. ती जोरजोरात रडत होती. पलीकडे काहीच आवाज नव्हता. लाईन आहे की गेली, कळेना. मग इतक्या मोठ्याने, की रिसीव्हर लांब असूनही मला ऐकू आलं, आई बोलली.

"रडा नुको गो बाय. मी आसंय हय."

आयाबाईंनी रिसीव्हर परत माझ्या कानाला लावला. कॉर्ड काढल्याचा टक् आवाज येईल म्हणून मी वाट बघत राहिले. तो आला नाही. थोड्या वेळाने नाडकर्णी बाईंनी घसा खाकरला.

"एक्स्टेंड," त्या म्हणाल्या.