नावाने नाही, कुकाऱ्याने

"नसीम!"

हाक कांदळवनात शिरली आणि तिथेच राहिली. मी खाडीच्या बांधाच्या तोंडाशी उभी होते. शेजारच्या घराच्या भिंतीला आमची सायकल टेकवलेली होती. सूर्य नुकताच बुडाला होता. बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी चढत होतं, आवाज न करता.

सायकल एक, आम्ही दोघी. मुरुडहून श्रीवर्धनला जायची ही आमची युक्ती. एकीने सायकलवर पुढे जायचं, ठरलेल्या गावात पहिल्या घरापाशी ती ठेवून पायी निघायचं. मागून चालत येणारीने सायकल उचलायची आणि पुढचीला गाठायचं. नसीम पुण्यात माझ्याच कॉलेजात शिकवते. तिचं माहेर श्रीवर्धनचं. मी नागपूरची.

तिथवर सगळं सुरळीत होतं. आगरदांड्याच्या फेरीबोटीत सायकल सहज चढते. दिघीनंतर चढ लागतो. तिथे उतरून चालावं. जेवण आधी सांगून ठेवलं तरच मिळतं, पण मिळतं ते तव्यावरून थेट ताटात. वाटेतली गावं जुनी आहेत. एका ठिकाणी मशिदीच्या कुंपणाला लागूनच शेंदूर फासलेली वीरगळ होती. निम्म्या घरांना कुलपं. माणसं आखातात नाहीतर मुंबईत. पण कुलूपबंद घरांचीही अंगणं झाडलेली. दिवसभर मी एकटीच त्या अंगणांवरून चालत आले होते.

या गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ते वाचून कुणी त्या बांधावर जाऊ नये.

घरासमोर एक बाई वाळलेलं सुकट टोपलीत भरत होती.

"निळ्या ओढणीची ना? बांधावरनं गेली. मी बोलले, भरती हाय, सडकेनं जा. तर बोलते, मावशी, मी हितलीच हाय, मला नको शिकवू!"

आमची रात्रीची खोली पलीकडच्या वाडीत होती. "पोचली असेल ना?"

"पोचली असती तर पलीकडची कुत्री भुंकली असती. न्हाय पोचली."

मी पुन्हा हाक मारली. बाई टोपली टाकून उठली.

"गप गं! नाव नको घेऊ. तिन्हीसांजेला नावानं कोण हाक मारतं? ती हितली असंल तर ओ देयाची न्हाय."

"मग काय करू?"

"कुकारा घाल."

माझा कुकारा खोकल्यासारखा निघाला. "कोंबडी बरी," असं म्हणून तिने तोंडाभोवती हात धरले आणि लांबलचक "कूऽऽ" घातला. त्यात नाव नव्हतं, शब्द नव्हता.

काही नाही. पाणी बांधाच्या कडेला लागलं. तिने पुन्हा कुकारा घातला. या वेळी मीही.

मग डावीकडून, जिथे बांध नव्हताच तिथून, बारीक "कू" आलं.

नसीम आली तेव्हा मांडीपर्यंत भिजली होती. चपला हातात.

बाईने चहा दिला. मी चिडून विचारलं, "माझ्या हाका ऐकू नाही आल्या?"

"आल्या की. तीन."

"मग ओ का दिली नाहीस?"

"अगं, नावाच्या हाकेला या वेळी ओ देत नाहीत. पहिल्या दोन गावाकडून आल्या, मी नुसती उभी राहिले. तिसरी पाण्याकडून आली. आवाज तुझाच. वाटलं, तू चुकून तिकडे उतरलीस. मी निघाले होते तिकडे. एवढ्यात कुकारा आला, उलट्या बाजूने."

"मी दोनदाच हाक मारली."

बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोनच ऐकल्या मी."

कांदळवनात आवाज परत फिरतो, असं मी समजावलं. दोघींनी माना डोलावल्या, मला वाईट वाटू नये म्हणून.

पुण्यात परत येऊन आता बरेच दिवस झाले. फोटो छान आलेत. कॉलेजच्या जिन्यात नसीमला हाक मारायची असली की ती दिसतेय ना, हे मी आधी पाहते.

त्या रात्री आम्ही बाईच्याच घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा दुपारची ओहोटी होती. बांध कोरडा पडला होता. आम्ही सडकेने गेलो, सायकल मध्ये धरून, दोघीही चालत.