एकशेतेरा दात्यांचं चाक

आमचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून खाली एक पितळी चाक लावलंय. एकशेतेरा दात्यांचं. चुकलेलं आहे, पण मोडीत टाकू देणार नाही मी.

आमच्या ह्यांना गल्लीत दातवाले म्हणतात. एकदा वरच्या काकू गाल धरून दारात आल्या. मीच सांगितलं, "अहो, हे यंत्रांच्या चाकांना दाते पाडतात, माणसांचे दात नव्हे!"

एकतीस वर्षं ह्यांनी कारखान्यात तेच काम केलं. आता हात जरा थरथरतो. मालकांनी सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यापासून गेटवर बसा." ह्यांचा चेहरा पार उतरला. तेवढ्यात कापड गिरणीचं तुटकं चाक आलं, एकशेसत्तावीस दात्यांचं. तसंच नवं हवं होतं आणि पितळी चकत्या होत्या दोनच. मालक म्हणाले, "हे जमलं तर मशीन तुमचंच."

"एकशेसव्वीस करा की," मी म्हटलं. "एका दात्यानं काय आभाळ कोसळतंय?"

"अगं, जोडीचं चाक अठराचं. एकशेसव्वीस केले तर ठरावीक दातेच एकमेकांना भेटणार आणि तिथेच झिजणार. एकशेसत्तावीस ही मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, कशानेच भाग जात नाही. बाराचा वर्गच एकशेचव्वेचाळीस, म्हणजे पुढे बघायलाच नको. मग प्रत्येक दात्याची गाठ प्रत्येकाशी पडते."

हे पटलं मला. रोज त्याच दोन जावा ओट्याशी आल्या तर भांडणं होणारच.

पण भाग जात नाही म्हणूनच ते कापणं कठीण. मशीनवर सहज भाग पडणाऱ्या एकशेवीसचा हिशोब लावायचा आणि भाग मोजायची ताटली चाकं जोडून हळूहळू उलटी सरकवायची, म्हणजे वरचे सात निघतात. आधी नुसत्या रेघा मारून मोजायच्या, मग कापायचं. ह्यांनी घाईत रेघाच मारल्या नाहीत. चकती कापून झाली आणि दाते भरले एकशेतेरा.

संध्याकाळी घरी येऊन मटकन बसले. "संपलं सगळं. आता गेटच."

मला राग आला. "रडगाणं पुरे! कमी किती पडले?"

"चौदा."

"म्हणजे सात दुणे. मिळवायचे ते सात तुमच्या मशीननं वजा केले, दुसरं काय!"

ह्यांनी कपाळावर हात मारला. "मधे एक चाक जास्त लागलं गं! ताटली उलटी जायची ती सुलटी गेली!"

सकाळी मलाच कारखान्यात घेऊन गेले. "रेघा तू मोज. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही." जास्तीचं चाक काढून ह्यांनी दुसऱ्या चकतीवर रेघा मारल्या आणि मी खडूनं खुणा करत मोजल्या. एकशेसत्तावीस. जीव मुठीत धरून पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

मग हे कापायला बसले. इतक्या वर्षांत ह्यांना काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. चहाचा कप हिंदकळवणारा तो हात मशीनच्या मुठीवर जराही हलत नव्हता. मला रडूच आलं.

दुपारी मालकांनी स्वतः दाते मोजले, दोनदा. मग केबिनकडे वळून कारकुनाला हाक मारली, "अहो, गेटसाठी दुसरा माणूस बघा."