बिळं पुरवून वापरा

माझ्या मराठीचा मला फार गर्व होता. सुरतेत तीस वर्षं काढली, गुजराती बोलता बोलता केस पिकले, तरी चारचौघांत कुणी 'मी गेला होता' म्हटलं की मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करायचो. बायको म्हणायची, तुम्हाला लूमखात्यात मुकादम केलं तेच बरं झालं, मास्तर केलं असतं तर पोरांनी शाळा सोडली असती. पुढे नवागामचं ते लूमखातं बंद पडलं आणि ओळखीनं मी खाडीकाठच्या एका गावात मच्छीमारांच्या मंडळीत कामाला लागलो. मंडळी म्हणजे त्यांची सहकारी संस्था. तिचा माल एकच, चिखलातले खेकडे.

माझं काम असं: मंडळीच्या शेडवर माल आला की पत्र्याची एक पट्टी खेकड्याच्या पाठीवर आडवी धरायची. पट्टीपेक्षा लहान असेल तो परत पाण्यात. पोटाखाली अंडी घेतलेली मादी असेल तीही परत. शिवाय कोणी कुठल्या काठाला जायचं आणि कुठला काठ विश्रांतीला ठेवायचा, हेही मीच सांगायचो. खेकडा धरणं मात्र मला आजतागायत जमलेलं नाही. मी उंटावरचा शहाणाच.

मंडळीची प्रमुख एक काकी होती. साठी उलटलेली, गुडघाभर चिखलातून माझ्यापेक्षा भरभर चालणारी. तिचा मुख्य नियम बिळांचा. खारफुटीच्या मुळांजवळ खेकड्याचं बीळ असतं. टोकाला वाकवलेली लोखंडी सळई आत घालायची, खेकडा अलगद ओढून काढायचा आणि बीळ होतं तसं उघडं सोडायचं. "करचलो जाय, घर रहे," ती म्हणायची. खेकडा गेला तरी घर राहिलं की काही दिवसांनी दुसरा खेकडा येऊन राहतो. तिच्या सासूनं ज्या बिळांतून खेकडे काढले, त्यांतल्या काहींतून आपणही काढतो असं ती सांगायची. मला ते खरं वाटायचं.

लूम बंद पडल्यावर आमची खान्देशातली माणसं घरी बसली होती. त्यांत माझ्या धाकट्या बहिणीचा नवराही होता. मी काकीच्या मागे लागून आमच्या पाच जणांना खाडीत घ्यायला लावलं. ती तयार नव्हती. चिखल बाहेरच्या माणसाला ओळखत नाही, म्हणाली. शेवटी मी म्हणालो, काकी, ही माझी माणसं, जबाबदारी माझी. त्यावर ती हो म्हणाली. पाचांना तिनं खाडीचा पलीकडचा काठ दिला आणि त्याचे भाग मी पाडून दिले.

पाचही जण सुरतेतच जन्मलेले. घरात अहिराणी, कामावर हिंदी, बाजारात गुजराती. मी त्यांच्यासाठी शेडच्या भिंतीवर एक पाटी रंगवली. मुद्दाम मराठीत, म्हटलं तेवढीच दोन अक्षरं डोळ्यांखालून जातील. बाकीचे नियम सरळ लिहिले. बिळांच्या नियमाशी आलो तेव्हा मला आई आठवली. ती पिठाच्या डब्याकडे बोट दाखवून बहिणीला म्हणायची, पुरवून वापर गं, पंधरा दिवस जायचे आहेत. बिळांचंही तसंच, संपवायची नाहीत, टिकवायची. मी मोठ्या डौलात लिहिलं, 'बिळं पुरवून वापरा.' रंग वाळेपर्यंत तिथंच उभं राहून दोनदा वाचलं.

दोन-अडीच महिने काम छान चाललं. बहीण फोनवर हसायला लागली होती. मग पलीकडच्या काठाचा माल कमी होत गेला, आणि एक दिवस ओहोटीच्या वेळी काकी मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली. आम्ही शिरलो तो भाग नेमका माझ्या मेहुण्याचा होता. चिखल सारवल्यासारखा सपाट. बिळं असायची तिथे माती भरून वरून टाचेनं दाबलेली, टाचेच्या खुणा दिसत होत्या.

"भाई, आ बाजू तो एकेय दर नथी रह्युं," काकी म्हणाली. या भागात एकही बीळ राहिलं नाही. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मला काय झालं ते आज नीट कळतं. आपलेच दात आपलेच ओठ, पण मला त्या क्षणी ओठांची फिकीर नव्हती. मंडळी म्हणेल, यानं आपला माणूस घुसवला आणि आता त्याला पाठीशी घालतोय, एवढीच भीती होती. बाकीच्या चौघांचे भाग मी पाहायलाही गेलो नाही. त्याच दुपारी शेडसमोर सगळ्यांना बसवलं आणि मेहुण्याला उभं केलं. आमच्याकडे जावयाला पहिलं ताट देतात, त्याच्यापुढे आवाज चढवत नाहीत. मी सगळ्या गावासमोर त्याला विचारलं की बिळांचा साधा नियम तुला वाचता येत नाही का; काय चुकलं ते मात्र सांगितलं नाही.

"पाटीवर लिखेल शे तेच करं, भाऊ," तो हळूच म्हणाला. "पुरवाना अर्थ..."

"मराठी मला शिकवू नकोस," मी म्हणालो. "उद्यापासून खाडीत यायचं नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्यानं सळई माझ्या पायाजवळ ठेवली आणि चपला हातात घेऊन बांधावरून निघून गेला. काकी म्हणाली, एवढं कशाला, समजावून सांगितलं असतं. मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. हे म्हणताना मला बरंही वाटलं, ते लपवत नाही. पुढच्या आठवड्यात तो पलसाण्याला रंगाईच्या कारखान्यात लागल्याचं कळलं. बहिणीचा फोन बंद झाला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी पलीकडच्या काठाला गेलो होतो. उरलेल्या चौघांपैकी एकानं माझ्यासमोर चांगला पंजाएवढा खेकडा काढला, नांग्या बांधल्या, टोपलीत टाकला. मग वाकून दोन्ही हातांनी चिखल ओढला, बीळ भरलं आणि टाचेनं दाबून चोख केलं. वर माझ्याकडे बघून हसला, शाबासकी मिळेल या आशेनं.

"हे काय करतोस?"

"पुरी टाकं ना, भाऊ. तुमनी पाटीवर लिखेल शे. पुरवीसन वापरा."

मी त्या चिखलात उभा राहिलो. गुजरातीत खड्डा बुजवणं म्हणजे 'पूरवुं'. सुरतेत वाढलेल्या माणसाच्या कानाला दुसरं काय ऐकू येणार होतं? आणि माझ्या मराठीतही माणसं पुरतातच की. पाचही जणांनी पाटी वाचली होती, पाचही जणांनी ती जिवापाड पाळली होती.

मी काकीला सगळं सांगितलं. ती आधी कपाळाला हात लावून बसली, मग हसत सुटली. मंडळीतले बाकीचेही हसले. दुसऱ्या दिवशी पाटी पुसली, तो काठ वर्षभर बंद ठेवायचं ठरलं आणि चौघांना अलीकडच्या काठाला घेतलं. माझ्यावर कोणी आवाज चढवला नाही. कोणी तरी चढवायला हवा होता असं मला फार वाटत होतं.

रविवारी मी सळई पिशवीत घालून बहिणीकडे गेलो. तिनं चहा ठेवला आणि पाठ फिरवून डबा भरत राहिली. मेहुणा कामावर निघायच्या तयारीत होता. हातांना निळा रंग बसलेला, बोटांची सालं निघालेली. मी सगळं सांगितलं, चूक माझ्या शब्दाची होती हेही सांगितलं. काकीनं बोलावलंय, सळई आणलीय, उद्यापासून ये, म्हणालो.

त्यानं शर्टाची बटणं लावेपर्यंत ऐकून घेतलं.

"बाकीना चौघासनी बी पुरेल व्हतात ना?"

"हो. सगळ्यांनीच."

"मंग त्यासले काढं का?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना कसं काढणार? चूक माझी होती."

बहिणीनं त्याचा डबा आणून दिला, तो त्यानं घेतला. बोललो ते माझं मलाच ऐकू आलं. मग दारात चप्पल घालता घालता तो म्हणाला, "चहा पी जा, भाऊ," आणि पलसाण्याच्या पाळीला निघून गेला.